सुप्रजेचा सोस

कोकणातील माणसास निवडीचे शास्त्र निराळे शिकवावे लागत नाही. ते त्याच्या परसातच उभे असते. रायवळ आंब्याची कोय पुरली, तर तिच्यातून येणारे झाड आईसारखेच निपजेल, अशी हमी कोणी देत नाही. फळ साखरेसारखे निघेल, आंबटढाण निघेल, किंवा नुसते दोरेच हाती येतील. हापूसची गोष्ट वेगळी. तो कोयीपासून वाढवीत नाहीत, कलमापासून वाढवितात. म्हणून त्याची चव पिढ्यानुपिढ्या तीच राहते. तथापि हापूसही निर्दोष नाही. तो पुष्कळदा वर्षाआड धरतो, आणि वरून सोन्यासारख्या दिसणाऱ्या फळात कापल्यावर साका निघतो. हे दोष घालविण्याकरिता कोकण कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी नीलम व हापूस यांचा संकर करून १९८१ साली 'रत्ना' हा वाण दिला, आणि पुढे रत्नाचा हापूसशी पुन्हा संकर करून १९९२ साली अगदी पातळ कोयीचा 'सिंधू' दिला. अशा कामाची रीत ठरलेली असते. पुष्कळ रोपे लावावयाची, त्यांना फळ धरेपर्यंत वर्षानुवर्षे वाट पाहावयाची, मनासारखे एखादे झाड राखावयाचे आणि बाकीची उपटून टाकावयाची. टाकलेल्या रोपांचे सुतक कोणी पाळीत नाही, आणि पाळण्याचे कारणही नाही.

ही रीत परसातून माजघरात आली, म्हणजे मात्र विचार करावा लागतो. आणि ती येऊ लागली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि पुढील आयुष्य संस्कृत शिकविण्यात गेलेले. जीवशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. त्या शास्त्राची जेवढी बाजू आम्हांस वाचून व जाणत्यांस विचारून निश्चित कळली, तेवढीच येथे सांगून आम्ही मुख्यतः घरातील बाजूविषयी बोलणार आहोत. कारण या विद्येचा बरावाईट उपयोग प्रयोगशाळेइतकाच आपल्या ओसरीवरही ठरणार आहे.

प्रथम शास्त्राची बाजू. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत आईबापांकडून आलेल्या गुणधर्मांची एक पोथी असते. तिच्यातील एकेका ओळीस जनुक म्हणावे. पोथीची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून एखादे अक्षर चुकले, तर पुढील सर्व नकलांत ती चूक उतरत जाते. तसेच येथेही होते. जेनिफर डाउडना व इमॅन्युएल शार्पांतिये या दोन विदुषींनी २०१२ साली 'क्रिस्पर' नावाची एक युक्ती जगापुढे मांडली, आणि तिच्याबद्दल त्यांस २०२० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती युक्ती म्हणजे पोथीतील नेमके हवे ते अक्षर शोधून खोडणारी किंवा बदलणारी लेखणीच होय.

ही लेखणी दोन ठिकाणी चालविता येते, आणि या दोहोंतील भेद प्रत्येक कुटुंबप्रमुखाने नीट समजून घेतला पाहिजे. पहिले ठिकाण म्हणजे जन्मास आलेल्या रोग्याचे शरीर. थॅलेसेमिया व सिकलसेल या रक्तरोगांवर २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये मान्य झालेल्या उपचारात रोग्याच्या अस्थिमज्जेतील मूळ पेशी बाहेर काढतात, त्यांत दुरुस्ती करतात आणि त्या त्याच्याच शरीरात परत सोडतात. आपल्याकडे मुंबईची आय. आय. टी. आणि टाटा स्मारक केंद्र यांनी रक्ताच्या काही कर्करोगांवर जो पेशी-उपचार सिद्ध केला, त्यास २०२३ च्या ऑक्टोबरात मान्यता मिळाली. त्यात रोग्याच्याच पांढऱ्या पेशींत नवे जनुक घालून त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखावयास शिकवितात. अशी दुरुस्ती त्या माणसापुरती असते आणि त्याच्याबरोबर संपते. त्याच्या मुलांच्या पोथीत ती उतरत नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे गर्भाची अगदी पहिली अवस्था. तेथे बदललेले अक्षर त्या बालकाच्या सर्व शरीरात, आणि पुढे त्याच्या मुलानातवंडांतही उतरते. २०१८ च्या नोव्हेंबरात चीनमधील शेन्झेन येथील एका शास्त्रज्ञाने असा बदल करून दोन जुळ्या मुली जन्मास घातल्याचे जाहीर केले. एड्सच्या विषाणूस त्यांच्या शरीरात शिरकाव मिळू नये, हा हेतू त्याने सांगितला. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्याचा निषेध केला, आणि २०१९ च्या डिसेंबरात तेथील न्यायालयाने त्यास तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. आपल्या देशातही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या जनुकोपचारविषयक नियमांत गर्भाच्या पोथीत असा फेरफार करण्यास मनाई आहे.

यांपैकी पहिल्या प्रकारास आमचा विरोध नाही; उलट, तो स्वागतार्ह आहे. पोर आजारी पडले असता वैद्यास बोलावू नये, असे कोणत्याही धर्मशास्त्राने सांगितलेले नाही. तेथील अडचण पैशाची आहे. वर सांगितलेल्या रक्तरोगांच्या उपचारास अमेरिकेत बावीस लाख डॉलर किंमत ठेवण्यात आली. आणि सिकलसेलचे रोगी तर आपल्या राज्यात गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार येथील आदिवासी पाड्यांवर राहतात. मुंबईच्या उपचाराचा खर्च परदेशातील तशाच उपचाराच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आणता आला, यावरून एवढे दिसते की, मनात आणले तर मार्ग निघतो. खरा पेच दुसऱ्या प्रकाराचा आहे. तेथे ज्याच्या शरीरात बदल व्हावयाचा, त्याची संमती घेण्याची सोयच नसते. तो अजून जन्मलेला नसतो, आणि त्याच्या वतीने आपण बोलत असतो. आपण वडीलधारे दुसऱ्याच्या वतीने बोलावयास लागलो म्हणजे काय होते, याचा इतिहास आपल्याजवळ पुष्कळ आहे.

'सुप्रजा' हा शब्द आपल्या शिकलेल्या घरांत एके काळी फार मानाने वावरत होता. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात उत्तम माणसांनी अधिक संतती व्हावी व कनिष्ठांनी होऊ देऊ नये, या विचाराने युरोप-अमेरिकेतील विद्वान भारले होते, आणि तो वारा महाराष्ट्रातही आला. प्रसिद्ध कादंबरीकार ना. सी. फडके यांनी १९२७ साली हिंदुस्थानात सुप्रजाजननाची चळवळ व्हावी, असे प्रतिपादन करणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्यास अमेरिकेतील संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. हे लोक दुष्ट नव्हते. आपल्या समाजाचे भले व्हावे, हीच त्यांची इच्छा होती. परंतु भले कोणाचे आणि कनिष्ठ कोण, हे ठरविणारी मंडळी नेहमी स्वतःस वरच्या रांगेत धरून चालत असत, ही त्या विचारातील मेख होय.

ती मेख उघडी पाडण्याचे काम एका मराठी स्त्रीच्या हातून घडले, याचा आपल्याला अभिमान वाटावयास हवा. इरावतीबाई कर्वे यांनी मुंबई विद्यापीठात ज्यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावनांवरील प्रबंध लिहिला, ते डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये आमच्या या किनाऱ्यावरील मालवणचे. पुढे १९२८ साली इरावतीबाई बर्लिनला गेल्या. तेथे मानववंश, आनुवंशिकता आणि सुप्रजाजनन यांकरिता स्थापन झालेल्या संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. गोऱ्या लोकांच्या कवटीच्या दोन बाजूंत एक विशिष्ट असमानता असते, आणि त्यांच्या बुद्धीच्या श्रेष्ठत्वाचे गमक तीच होय, असा फिशर यांचा तर्क होता. तो पडताळून पाहण्याचे काम या विद्यार्थिनीकडे आले. तिने निरनिराळ्या वंशांच्या कवट्या मोजल्या, आकडे मांडले, आणि वंशपरत्वे असा काही भेद आढळत नाही, असे गुरूच्या तोंडावर लिहून दिले. तिला पदवी मिळाली, आणि १९३० च्या सुमारास ती मायदेशी परतली. नंतर १९३३ साली जर्मनीत सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला, आणि 'कनिष्ठ' ठरविलेल्या सुमारे चार लाख स्त्रीपुरुषांवर शस्त्रक्रिया करण्यात आल्या. त्याच विचाराची पुढची पायरी कोणती होती, हे जगाने पाहिले आहे. एकट्या परक्या मुलीने परमुलखात मोजपट्टीवर विश्वास ठेवला आणि गुरूच्या कीर्तीवर ठेवला नाही, ही गोष्ट आम्हांस पोवाड्याच्या योग्यतेची वाटते.

ते जर्मनांचे पाप झाले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. म्हणून आता घरच्या हिशेबाकडे वळू. आपल्या सोळा संस्कारांत गर्भाधानानंतरचा संस्कार पुंसवन होय. त्याचा हेतू त्याच्या नावातच आहे. मंत्राने गर्भात काही बदल होत नसे, म्हणून कोणाचे नुकसानही होत नसे. परंतु १९७० नंतर प्रथम गर्भजलाची परीक्षा आणि मागाहून सोनोग्राफी आली, आणि ती जुनी इच्छा एकाएकी समर्थ झाली. त्याविरुद्ध मुंबईतील जागृत स्त्रिया व डॉक्टर यांनी मोहीम उभारली, आणि १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगपरीक्षेस आळा घालणारा कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य. सर्व देशाचा कायदा त्यानंतर १९९४ साली झाला. तरीही काय घडले, हे खानेसुमारीने लिहून ठेविले आहे. निसर्गतः मुलगे किंचित अधिक जन्मतात. हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली असणे स्वाभाविक होय. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत हा आकडा १९९१ साली ९४६ होता. २००१ साली तो ९१३ वर आला आणि २०११ साली ८९४ वर. दारिद्र्याने हे घडले म्हणावे, तर कोल्हापूर, सांगली यांसारख्या ऊस-साखरेच्या सधन जिल्ह्यांत २००१ साली तो साडेआठशेच्या आसपास उतरला होता. आमच्या सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे हजारांहून अधिक स्त्रिया भरतात, याची फुशारकी कोणी मारू नये. येथील कर्ते पुरुष पोटासाठी मुंबईस जाऊन राहतात, हे त्याचे मोठे कारण आहे.

या आकड्यांचा अर्थ काय? डॉक्टराने यंत्र दाखविले हे खरे. परंतु यंत्रापाशी सुनेस घेऊन कोण गेले? पुष्कळ ठिकाणी सासू गेली, नवरा गेला, प्रसंगी मुलीची आईही गेली. सरकारने सक्ती केली नव्हती. उलट मनाई केली होती. जर्मनीत जे राजसत्तेने केले, ते आपण हौसेने, आपल्या खर्चाने आणि देवास नवस बोलून केले. गर्भातील बालकाविषयी केवळ एक गोष्ट कळू लागली, तर आपण असे वागलो. त्याची उंची, वर्ण, बुद्धी यांविषयी दहा गोष्टी निवडता येतील, असे उद्या कोणी सांगितले, तर आपण कसे वागू, हे ओळखावयास ज्योतिषी नको. खरे पाहता उंची व बुद्धी यांसारखे गुण एका जनुकाचे नसून शेकडो-हजारो जनुकांच्या आणि संगोपनाच्या मिश्रणातून येतात, त्यामुळे ते असे मागणीबरहुकूम मिळणे कठीण आहे, असे शास्त्रज्ञच सांगतात. पण नवस बोलणाऱ्यास ही अडचण कधीच वाटलेली नाही.

आता आमच्या पाहण्यातील एक गोष्ट सांगतो. घराण्यांची ओळख पटू नये म्हणून नावगाव वगळतो. एका सुशिक्षित कुटुंबातील मुलीचे लग्न जमत आले होते. मुलगी नोकरीस लागलेली, मुलगा पुण्यास. पत्रिका जुळली, घरे जुळली, मुलामुलीची मनेही जुळली. मुलीने कॉलेजात असताना एका शिबिरात रक्त तपासून घेतले होते, आणि ती थॅलेसेमियाची वाहक असल्याचे तीत आढळले होते. मुलीचा बाप सरळ मनुष्य. त्याने तो कागद आपण होऊन वरपक्षाच्या हाती दिला. चार दिवसांत पत्रिका परत आली. 'योग दिसत नाही' एवढाच निरोप होता.

दोन्ही घरांशी आमचा घरोबा असल्यामुळे मुलीच्या बापाने आम्हांस मध्यस्थी करावयास सांगितले. आम्ही एका डॉक्टरांकडून सर्व समजून घेऊन वरपक्षाकडे गेलो, आणि तासभर बसून सांगितले की, वाहक म्हणजे रोगी नव्हे. वाहकाजवळ त्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक चुकीची असते, दुसरी शुद्ध असते, आणि तेवढ्यावर तो निरोगी आयुष्य काढतो. आपल्या देशात शंभरांत तीनचार माणसे अशी वाहक आहेत. नवराबायकोंपैकी एकच वाहक असेल, तर मुलास हा रोग होत नाही. दोघेही वाहक असतील, तेव्हाच प्रत्येक खेपेस चारात एक एवढी शक्यता असते की, बालक दोन्ही चुकीच्या प्रती घेऊन येईल. अशा बालकास जन्मभर दर दोनचार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आणि त्या रक्तातील लोह शरीरात साचते, म्हणून ते काढावयास वेगळी औषधे द्यावी लागतात. तो रोग भयंकर आहे, यात शंका नाही. म्हणून आमचे म्हणणे एवढेच होते की, मुलाचेही रक्त तपासावे. ते शुद्ध निघाले, तर काळजीचे कारणच उरत नाही.

यावर मुलाच्या आजीने उत्तर दिले, "गुरुजी, मुलग्याचे रक्त कशाला तपासायचे? तो धडधाकट आहे." घरातील शिकलेली माणसे खाली मान घालून बसली. मुलगा स्वतः काही बोलला नाही. पुढे त्याचे दुसरीकडे लग्न झाले, आणि आमच्या माहितीप्रमाणे त्या खेपेस कोणाचेच रक्त तपासले गेले नाही. तो स्वतः वाहक आहे की नाही, हे त्याला ठाऊक नाही. त्याच्या पत्नीलाही स्वतःविषयी ठाऊक नाही. म्हणजे ज्या संकटाच्या भीतीने जाणती मुलगी नाकारली, त्या संकटाचे दार त्या घराने आपल्याच हातांनी उघडे ठेवले. इकडे त्या मुलीच्या कागदाची वार्ता फुटली. आणखी दोन ठिकाणे परत गेली, आणि धाकट्या बहिणीविषयीही कुजबुज सुरू झाली. ती मुलगी एकदा आम्हांस म्हणाली, "गुरुजी, आत्याला मंगळ होता म्हणून तिचं लग्न रखडलं. मला हिमोग्लोबिन आहे, एवढाच फरक." यावर आम्हांस उत्तर सुचले नाही.

त्या घराने शास्त्र नाकारले नाही, ही यातील खरी चिंतेची गोष्ट होय. त्यांनी शास्त्राचा कागद फार आदराने वाचला, आणि त्याची पत्रिका केली. रोग टाळण्याकरिता निघालेली चाचणी वधूपरीक्षेचे एक नवे हत्यार बनली. उद्या जनुकांच्या शेकडो चाचण्या स्वस्तात होऊ लागल्या, म्हणजे छत्तीस गुणांच्या जागी छत्तीसशे गुण येतील. त्यांत कोणाचेच पुरते जमणार नाही, आणि नाकारण्याचा मान मात्र पूर्वीप्रमाणे वरपक्षाकडे राहील.

शुद्ध बीज म्हणून काही असते, या समजुतीवरच हे सारे उभे आहे. म्हणून त्या समजुतीची थोडी चौकशी करणे अवश्य आहे. आपण गोत्र टाळतो. गोत्र बापाच्या बाजूने चालते. ज्याच्याशी शेकडो वर्षांत काही नाते उरले नाही, असाही सगोत्र आपल्याला वर्ज्य. उलट मामाची मुलगी महाराष्ट्रातील अनेक जातींत चालते, नव्हे, कित्येक घरांत पहिला मान तिचा असतो. इरावतीबाईंनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या आप्तसंबंधांवरील ग्रंथात या चालीचे विवेचन आहे. परंतु मामेबहिणीशी आपला आनुवंशिक वारसा सरासरीने आठवा हिस्सा समाईक असतो. जनुकांना गोत्र ठाऊक नसते. शिवाय चित्पावन, कऱ्हाडे, देशस्थ, कुडाळदेशकर, सारस्वत असे आपापल्या कुंपणात राहून आपण शतकानुशतके लग्ने केली. लहान तळ्यात तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरावे, तशा एकेका समूहात काही दडलेल्या चुका अधिक साठत जातात. ज्यास आपण रक्ताची शुद्धी म्हणत आलो, तीतच ही अडचण आहे.

दडलेली गोष्ट प्रत्येकाजवळ असते, याचे एक उदाहरण मुंबईचेच आहे. डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी १९५२ साली एका नव्या रक्तगटाचा शोध प्रसिद्ध केला. तो आज जगभर 'बॉम्बे' रक्तगट म्हणून ओळखला जातो. दोन्ही आईबापांकडून एक विशिष्ट दडलेले जनुक आले, तरच हा रक्तगट होतो. असा मनुष्य सुखाने जन्म काढतो. रक्त देण्याचा प्रसंग आला, तरच कळते की, त्याला त्याच्याच गटाचे रक्त लागते. याला दोष म्हणावे काय? सिकलसेलची कथा तर याहून बोधप्रद आहे. ज्याच्याजवळ तिची एकच प्रत असते, त्याला हिवतापाच्या घातक स्वरूपापासून पुष्कळ संरक्षण मिळते. थॅलेसेमियाविषयीही शास्त्रज्ञांचे मत तसेच आहे. हिवतापाच्या मुलखात ही जनुके टिकली, ती यामुळेच. म्हणजे त्या मुलीच्या ज्या कागदावर वरपक्षाने नाक मुरडले, त्यातील अक्षराने कदाचित तिच्या पूर्वजांस एखाद्या पावसाळ्यात तारले असेल. कोणते अक्षर चूक आणि कोणते पाठभेद, हे ठरविण्याची घाई ज्याने पोथ्या हाताळल्या आहेत, तो करीत नाही.

आपल्याकडील कित्येक मंडळी कौरवांच्या शंभर कुंभांचा दाखला देऊन, ही विद्या आपल्या पूर्वजांस अवगत होती, असे मिशीला पीळ देऊन सांगतात. महाभारतातून शास्त्र काढू नये. त्यातून शहाणपण काढावे. विचित्रवीर्य निपुत्रिक वारला, तेव्हा वंश चालावा म्हणून सत्यवतीने व्यासांस पाचारण केले. मागणी राजमातेची होती. देह सुनांचे होते. अंबिकेने भयाने डोळे मिटले, आणि धृतराष्ट्र आंधळा जन्मला. अंबालिका पांढरी पडली, आणि पंडू तसाच जन्मला. तिसऱ्या खेपेस अंबिकेने स्वतः न जाता दासीस पाठविले. तिच्या पोटी विदुर आला. ज्याची मागणी कोणी केली नव्हती, तोच त्या कुलात शहाणा निघाला. आणि राजवंशाच्या मोजमापात न बसल्यामुळे त्याचा सल्ला अखेरपर्यंत कोणी ऐकला नाही.

मग गर्भाची कोणतीच परीक्षा करू नये काय? असे आमचे म्हणणे नाही. दोघे वाहक असलेल्या जोडप्यास गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांतच परीक्षा करून घेता येते. रोग निश्चित झाला, तर पुढे काय करावे, हा प्रश्न आमच्यासारख्यास झोप लागू देत नाही. येथेही एक निवडच होते, आणि कोणीतरी टाकले जाते, हे आम्ही शब्दांनी झाकीत नाही. परंतु एका पोरास दर तीन आठवड्यांनी सुई टोचताना ज्या आईने पाहिले आहे, तिच्यापुढे धर्मनिर्णय उच्चारण्याचा अधिकार आम्हांस नाही. एवढेच सांगता येईल की, बालकाच्या यातना हे एक कारण झाले, आणि घराण्याची शोभा हे दुसरे. पहिल्या कारणाने केलेला निर्णय शोकाने होतो. दुसऱ्या कारणाने केलेल्या निर्णयानंतर पेढे वाटतात. आपण कोणत्या बाजूस उभे आहोत, हे यावरून ज्याचे त्याला कळावे. आणि परीक्षा करून वा न करून जे बालक घरात आले, ते आंधळे असो, पांगळे असो, ते सर्वस्वी आपले. त्याच्यावरून त्याच्या आईस बोल लावणे हे पाप होय.

वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे. लग्न ठरविताना रक्त तपासावयाचे असेल, तर दोघांचे तपासा, आणि आधी आपल्या मुलग्याचे. तो कागद त्या दोघांचा आहे. तो ओसरीवर वाचावयाचा नसतो, व्याह्यांत फिरवावयाचा नसतो. दोघे वाहक निघाले, तरी त्यांचे लग्न कोणत्याही कायद्याने वा शास्त्राने निषिद्ध नाही. जाणत्या डॉक्टरांशी त्यांची गाठ घालून द्या, आणि निर्णय त्यांचा त्यांना करू द्या. त्यातही जिच्या देहावरून तो निर्णय जावयाचा, तिचा शब्द शेवटचा असू द्या. आपले काम निर्णय झाल्यावर त्यांच्या पाठीशी उभे राहण्याचे. आणि कोणी कन्येचा बाप आपण होऊन असा कागद पुढे ठेवील, तर तो परत करण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्या की, ज्या घरात खरे बोलण्याची ही रीत आहे, त्या घरची मुलगी आपल्या घरात येत होती.